दहापैकी तीन

ती. आईस, रागावलेल्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, बोटाची सूज उतरली. बाबा पथ्य पाळतात ना?

इथल्या चाहत्यांनी आमच्या महिनाभराच्या खेळाचे गुण मैदानाच्या फाटकावर लावलेत. मी गोलकीपर, मला दहापैकी आठ. माझ्यापुढे बचावाला उभी असते ती माझ्या खोलीतली मैत्रीण, तिला तीन! गुडघ्याला टाके असताना पोरगी चारही सामने खेळली.

यादी लावणाऱ्या काकांना मी जाब विचारला. म्हणाले, "तिने एक तरी गोल केला का?"

"काका, तिचं काम गोल अडवायचं! ती नसती तर मला भोपळा मिळाला असता."

मी माझे आठ खोडून तिथेही तीन लिहिले.

मैत्रीण मलाच ओरडली. मग तोंड फिरवून म्हणाली, "फार दुखतो गं गुडघा." महिन्याभरात पहिल्यांदाच.

तुझी,
धाकटी