लाल लोकरीच्या खुणा

१८ ऑगस्ट
तिसगावच्या पुढचा डोंगर. सकाळीच पोचले. आहे! गेल्या वर्षी एकच वेल दिसली होती, यंदा कुसळीच्या गवतात पाच-सहा तरी. फूल करंगळीएवढं, वर इवल्याशा कंदिलाची जाळी, आत जांभळट केस. ते केस इतर कुठल्याच कंदीलपुष्पात पाहिलेले नाहीत. गुडघे मोडून खाली बसले आणि रडले थोडी.
हौसा शेळ्या घेऊन वरच होती. माहेरच्या गावची, माझ्याच वयाची. म्हणाली, "रडायलीस कशाला नलूताई? खरपुडीच तर हाय."
"खरपुडी नाही गं. तिची चुलत बहीण."
"मंग हिचा बी कंद खात्यात का?"
हसलो दोघी. सुट्टीत गावी आले की हौसा काठीने उकरून द्यायची, फ्रॉकला पुसून कच्चेच खायचो. गोडसर, पाणीदार.

२० ऑगस्ट
डॉ. मेघनाचा फोन, पुण्याहून. (लिहिताना नुसतं मे.) वनस्पतिशास्त्रातली मोठी अभ्यासक आणि माझ्या मुलीहून लहान. म्हणाली, "काकू, हे वेगळंच आहे. पण गेल्या वर्षीच्या एका दाबलेल्या फुलावर नि यंदाच्या फोटोंवर कुणी विश्वास ठेवणार नाही. बिघडलेलं फूल म्हणून सोडून देतील. शेंगा हव्यात, बी हवं, एक कंद हवा."
मी म्हटलं, शेंगा पिकू देत. एवढ्याशा वेली, आत्ताच उपटायच्या कशा? तिलाही पटलं. दिवाळीच्या सुमारास स्वतः येणार आहे. "तोवर नाव ठरवून ठेवा."
नाव कधीचंच ठरलंय. सिस्टर ॲग्नेस, शाळेत मला फुलं बघायला शिकवणाऱ्या.
एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल. सरांनी माझी स्लाइड उचलली, सगळ्यांना दाखवली. "डोळे आहेत, नजर नाही." नापास. पुढच्या वर्षी परत नापास. बाबा न्यायला आले. महिन्याभरात स्थळं बघायला सुरुवात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरना भेटायला गेले तेव्हा त्यांनी खिशातलं भिंग काढून माझ्या मुठीत ठेवलं. त्यांचं ते हेलकावे घेणारं मराठी: "नालिनी, तू हळू बघते. हळू बघणे म्हणजे चूक बघणे नाही."
ते भिंग पुढे कित्येक वर्षं बांगड्यांच्या डब्यात पडून होतं.

२६ ऑगस्ट
वेली वाळल्या की गवतात सापडणार नाहीत. म्हणून प्रत्येक वेलीच्या बुडाशी लाल लोकर बांधून आले. ह्यांच्या स्वेटरची. अर्धाच झाला होता, मग हे गेले. आज उसवला.
हौसा बघत होती. "ह्या खुना कशाला?"
"हे माझं आहे. कुणाला हात लावू देऊ नकोस."
"बिशाद हाय का कुनाची!"

१४ सप्टें.
ताप. चिकनगुन्या. बोटं सुजून काकडीसारखी. पेन धरवत नाही. फुलं रंगवायचा ब्रशसुद्धा. आज एवढंच.

२ ऑक्टो.
अजून जिना उतरवत नाही. हौसाचा फोन. शेंगा धरल्यात, "दोन-दोन शिंगं फुटल्यात बघ, हिरवीगार." पोरं कंद उकरायला आली होती, तिने काठी घेऊन पिटाळली. "तुजी खून हाय म्हनलं, मागं सरली की समदी."
बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं.
दुपारी एक वार्ताहर आला, कुठून कळलं कोण जाणे. मथळा आधीच ठरवून आलेला: नापास विद्यार्थिनी ते शास्त्रज्ञ. म्हटलं, थांबा, अजून काही झालेलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, झाल्यातच जमा आहे." चहा पिऊन गेला. गेल्यावर आरशात बघितलं. वेडी म्हातारी.

दिवाळी झाली. तारीख नको.
सकाळी बेल वाजली. दारात हौसा, डोक्यावर गाठोडं. ऊसतोडीला निघालीये, टोळीचा ट्रॅक्टर बायपासला थांबवून आलीये. दम लागलेला, चेहरा नुसता फुललेला.
गाठोड्यातून फडकं काढलं. सोडलं.
कंद. सोललेले. मीठ घालून उकडलेले.
"तुजे दात हलाय लागल्यात न्हवं, म्हून उकडून आनले. येल वाळाय लागले हुते. मी गेल्यावर कुनी ठिवलं असतं व्हय? खुना बघून बघून समदं काडलं. आजूबाजूची साधी खरपुडी बी हाय ह्यात."
"शेंगा?"
"शिंगं का? ती शेळ्यांनी खाल्ली. कंद तर हायेत की."
मग कमरेच्या पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला. नीट गुंडाळलेला. "ही घे. कशाला वाया घालवायची."
माझ्या तोंडाकडे बघत उभी. खा ना, म्हणाली, गरम हायेत अजून.
खाल्ला.
चव तीच होती. लहानपणची.
म्हटलं, फार छान झालेत गं. बायपासवरून ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू येत होता. गेली.

दुसरा दिवस
मे.ला फोन केला. "सगळे?" म्हणाली. सगळे. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, सॉरी म्हणू नका काकू. आवाज मात्र तिचा नव्हता.

२ नोव्हें.
मे. आली तरीही. डोंगरावर गेलो. ड्रायव्हरने मला जवळजवळ उचलूनच वर नेलं. खड्डे. स्वच्छ, खोल, काठीने उकरलेले. एकही वेल नाही, एकही बी नाही. शेळ्यांच्या लेंड्या. मे. गवतात ओणवी होऊन ऊन कलेपर्यंत शोधत राहिली.
उतरताना म्हणाली, "तुम्ही तिला नीट सांगितलं नव्हतं का?"
सांगितलं होतं की. माझं आहे म्हणून सांगितलं होतं.
आत्या मोहळाच्या फांदीला चिंधी बांधायची ते आत्ता आठवतंय. अख्ख्या गावात कुणी हात लावायचं नाही. मध भरला की आत्याच्या घरचं कुणीतरी काढायचं, नाहीतर शेजारी काढून आणून द्यायचे. खूण म्हणजे राखायचं, आणि तयार झालं की मालकाच्या घरी पोचवायचं. माहीत होतं मला हे. त्याच गावची मी.
वार्ताहराचा फोन. घेतला नाही.

१९ नोव्हें.
हौसाचा फोन. फडात सुनेच्या पायावर कोयता लागलाय, टाके पडलेत. मग उगाच इकडचं तिकडचं. "संपले का गं कंद?" फडकं अजून फ्रीजमध्ये तसंच आहे. हो म्हटलं. तर म्हणाली, "दोन-चार कच्चेच वाटंला ठिवले हुते, बाजरीच्या पोत्यात हायेत बघ."
कच्चे!

२१ नोव्हें.
एसटीने कारखान्यावर गेले, एकटीच. मे.ला सांगितलं नाही, उगाच आशा लावायची. तोडकऱ्यांच्या झोपड्या, उसाच्या पाचटाच्या कोप्या, एकीला लागून एक. धूर, शेण, मळीचा वास. हौसा मला बघून धावतच आली. "आगं बया! तू इथं? कोन गेलं?"
पोतं ओतलं. नातवंडांनी खाल्ले होते. तळाशी एकच राहिला होता, सुकलेला, लिंबाएवढा. कुठला? माझ्या वेलीचा की साध्या खरपुडीचा? "आता कसं सांगू नलूताई, समदं एकातच हुतं." मलाही सांगता येईना. भिंगातून बघितलं तरी येईना. फूल आलं तरच कळेल.
मग तिला सांगितलं सगळं. जगात कुठंच नाही असं फूल, आणि बहुधा आता नाहीच. नाव द्यायचं होतं ते. नापास झाले होते तेही.
ती खाली बसली. पाचट खुडत राहिली. "मला हे आदी सांगायचंस ना गं." जरा वेळाने: "मला वाटलं तुला खावंसं वाटतंय. म्हून रडली आसशील."
मुकादमाने हाक मारली. उठली, कोयता घेतला, गेली. मागे वळून बघितलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

जाने.
कंद कुंडीत, डोंगरावरूनच आणलेल्या मातीत. मे.ला शेवटी कळवलं. तिने निक्षून सांगितलंय, पावसाळ्यापर्यंत पाण्याचा थेंब नको, कुजेल. म्हणजे काहीच करायचं नाही. रोज उठून काहीच न करणं. कामवाली रखमा दोनदा तांब्या घेऊन निघाली, ओरडले तिच्यावर. नंतर वाईट वाटलं.
सिस्टर गेल्याचं कळलं. त्या केरळात, त्यांच्या आश्रमात. त्यांना काही कळवलंच नव्हतं, झाल्यावर कळवू म्हणून.

एप्रिल
हौसा परतली. दारात आली, आत येईना. "उगवलं?" नाही अजून. चहा ठेवला. अर्धाच प्यायली. कुंडीपाशी बसली, हात मात्र मांडीखाली दाबून. जाताना म्हणाली, सुनेचा पाय वाकडाच राहिला.
आता डोंगर धुंडाळते म्हणते, शेळ्यांमागे. म्हटलं, दिसलं तर उपटू नकोस. "न्हाई गं बाई."
हसली नाही.

१७ जून
पाणी द्यायला लागून बरेच दिवस झाले. काही नाही. मे.ने विचारणं सोडलंय, तेच बरं.
आज सकाळी कुंडीच्या कडेला हिरवं टोक. सुईएवढं. मातीबरोबर गवताचं बी आलं असेल. गवतच असणार. कंद मधोमध लावलाय, हे कडेला आहे. पण वेल वाकडीही येते कधी.
भिंग आणलं. बोटं अजून पुरती मिटत नाहीत, दोन्ही हातांनी धरलं. फोन कुणालाच केला नाही. स्टूल ओढून बसले आहे.