प्रार्थनेत वाजलेली तबकडी

सावाई बेट, सामोआ
जून २००६

प्रिय फुआतिनो,

तुम्हा सगळ्यांना सलाम. गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत मोजे घालत जा, लाजू नकोस. इकडे मी बरी आहे. तुझा भाऊ जाऊन दीड वर्ष झालं, तरी नीरफणस अजून दोघांचा भाजते आणि उरलेला डुकराला घालते.

तुझ्या लेकाने, फेतूने पाठवलेली तबकडी पोचली. मी दिलेल्या सगळ्या कॅसेटी एका तबकडीत बसवल्या, एकशे चाळीस गाणी! मला त्यातलं एकच हवं होतं, चर्चच्या मंडळात तुझा भाऊ गायला ते स्तोत्र. तबकडी वाजवायच्या यंत्राचं पुस्तक चार वेळा वाचलं (बायबल दोनदाच, पण ते सोपं आहे). मंगळवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला पाळकीणबाई आणि लुसीआत्या आल्या होत्या. म्हटलं, आज आपण नको, त्यालाच गाऊ दे. बटण दाबून जागेवर बसले तोच गावात प्रार्थना सुरू झाल्याचा शंख वाजला. स्तोत्र छान झालं. पण यंत्र गाणी अक्षरांच्या क्रमाने लावतं हे पुस्तकात नव्हतं. स्तोत्रामागून लग्नातलं नाचाचं गाणं सुरू झालं.

"बंद कर ना!" पाळकीणबाई डोळे मिटूनच पुटपुटल्या.

"दुसरा शंख होईपर्यंत उठायचं नाही, तुम्हीच सांगता."

"रिमोट कुठाय?"

"यंत्रावर. हरवू नये म्हणून."

तिकडे लुसीआत्याचे खांदे हलायला लागले. "आत्या, खांदे!" मी कुजबुजले.

"मी प्रार्थनाच करतेय गं. खांद्यांचं मला विचारू नकोस."

अशी तीन गाणी झाली. आपल्या घराला भिंती नाहीत, तेव्हा प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर पहारा देणाऱ्यांनी सगळं ऐकलं. गावच्या प्रमुखांनी दंड म्हणून डुक्कर नेलं. (पाळकीणबाईंना काही नाही. त्या म्हणे पाहुण्या होत्या.)

तुझी वहिनी,
तालोसिया

ता. क. फेतूला रागावू नकोस. तबकडी उत्तम आहे.

ता. क. आणखी एक. कॅसेटवर स्तोत्राच्या आधी तुझा भाऊ खाकरतो आणि म्हणतो, "आटपा रे, जेवण निवतंय." फेतूने तो गोंगाट समजून काढून टाकलाय. तेवढं परत घालून पाठव म्हणावं. स्तोत्र तीस जणांचं आहे. त्यात तुझ्या भावाचा आवाज कुठला, हे मला कधीच ओळखू आलं नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? ते खाकरणं मात्र त्याचं एकट्याचं आहे.