डबल बेल

॥ श्री ॥

देवगडच्या अलीकडे, रस्त्याकडेला
१८ नोव्हेंबर १९९७

ती. आक्कास,
प्रभुलिंगचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू शाहूपुरीत बसून मला शिव्या घालत असशील, त्या पोचल्या असं समज. आम्ही दोघं खुशाल आहोत. आकारामने उद्यमनगरात आपल्या जुन्या मॅटॅडोरला जी बॉडी बांधून दिली, ती अजून कुठे कुरकुरलेली नाही. पलंग, स्टो, पाण्याची टाकी, देव्हारा, सगळं आत. मुक्कामाला थांबलो की माणसं जमतात आणि सर्कस आली काय म्हणून विचारतात. तुझी भावजय त्यांना सांगते की व्हय, आणि वाघ त्यो काय, फुडं बसलाय.

तीस वर्षं एसटी हाकली, करूळचा घाट पावसात धुक्यात उतरलो, पण समुद्राकडेचे हे रस्ते निराळेच. एका बाजूला चिऱ्याच्या दगडांचा गडगा, दुसऱ्या बाजूला एकदम पाणी, आणि मधे जेमतेम एक गाडी मावेल एवढं डांबर. समोरून बस आली की कुणीतरी मागं सरायचं, आणि ते कुणीतरी बहुतेक मीच असतो. तेव्हा शांतव्वा उतरते आणि मागून पत्र्यावर थाप मारते. मी तिला एसटीचाच कायदा शिकवला आहे. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डबल बेल.

परवा त्यातच फजिती झाली. बस निघून गेली आणि हिने खाली उभी असतानाच खुशीत दोन थापा मारल्या. मी निघालो. आकारामने माझ्या पाठीमागे फळ्यांचा पडदा घातलाय, तिची बसायची जागा त्याच्या पलीकडे, त्यामुळे काही दिसत नाही. आणि आक्का, कंडक्टर आत चढल्याशिवाय डबल देत नाही, म्हणून बेल पडल्यावर मागं बघायची सवयच मला नाही. पुढच्या गावापर्यंत मी पडद्याशी गप्पा मारत गेलो. उत्तर येईना, तेव्हा वाटलं रुसली. मग एका नारळवाल्याच्या सायकलवर मागं बसून ती आली. त्या दिवशी मी भडंग खाऊन राहिलो. आता तिने देव्हाऱ्यापुढे शपथ घेतली आहे की स्वतः आत बसल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही.

मालवणच्या पोस्टात माझ्या नावाने पत्र टाक, जाऊन घेईन. राजशेखरला मामाचे आशीर्वाद. थोरल्या बहिणीची माया जशी आहे तशी राहू दे.

तुझा
प्रभुलिंग

---

॥ श्री ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
२ डिसेंबर १९९७

चि. प्रभुलिंग यास,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी राजशेखरला दुकानात मोठ्याने वाचायला लावलं. नारळवाल्याच्या सायकलीपर्यंत आल्यावर गुळाचे हमालसुद्धा हसायला लागले. मी हसले नाही. साठ वर्षांची बाई रस्त्यात टाकून नवरा निघून जातो, ह्यात हसण्यासारखं काय आहे? बरं, थोडी हसले.

पोरबाळ नाही म्हणून घर खायला उठतं हे मला कळतं. तू निवृत्त झालास आणि घरात तुला चाकाशिवाय करमेना, हेही कळतं. पण शांतव्वा तुझी बायको व्हायच्या आधी माझी मैत्रीण होती, एवढं ध्यानात ठेव. आम्ही दोघी पंचगंगेवर धुणं घेऊन जायचो तेव्हा ती गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरली नाही. धुण्यातलं लुगडं वाहत गेलं तर मी पोहून आणायचं. तिला पाण्याचं भय आहे. ते ती तुला सांगणार नाही, कारण तुला आवडतं ते तिला आवडतं, असं तिने लग्नातच ठरवून टाकलंय. तिला पाण्यापासून लांब ठेव. माझं दुसरं काही मागणं नाही.

संक्रांतीला या. तिळगूळ घरचाच आहे. दोघांच्या तब्येतीचं खरं खरं लिहीत जा.

आक्का

---

॥ श्री ॥

मु. वाळूवरचा तंबू
२० फेब्रुवारी १९९८

ती. आक्कांस,
शांतव्वाचा शरणार्थी नमस्कार वि. वि.

संक्रांतीला आलो नाही म्हणून तुम्ही रागावला आहात, ते पत्र न आल्यावरून कळलं. आता कारण सांगते. ह्यांनी मालवणच्या पुढे एक जागा धरली आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे सुरूची झाडं असलेली वाळूची पट्टी. डांबरी रस्त्यापासून पट्टीवर यायला एक सखल वाट आहे, तिथून गाडी येते. ह्यांचं म्हणणं असं की कोल्हापूरची, इचलकरंजीची माणसं समुद्र बघायला येतात आणि लॉजच्या ढेकणांत झोपतात. त्यापेक्षा इथे तंबू लावायचे, मी पिठलं-भाकरी करायची. पाच तंबू शिवून झाले. कोणी आलं की हे हात वर करून या पावणं म्हणून ओरडतात, तेव्हा इथली माणसं दचकतात.

मासळीच्या वासाची सवय मला अजून झालेली नाही. नाकाला पदर लावून राहते. जागेचे मालक तांडेलमामा फार सज्जन आहेत. कबूल करताना त्यांनी सांगितलं की उधाणाला पाणी वाटेवरून आत येतं, तेवढं सांभाळा. हे म्हणाले की पावसाळ्यात आम्ही इथे राहणारच नाही, आमच्या नदीलाही पावसातच पूर येतो. मामांनी मान हलवली.

आक्का, तुम्ही मला भित्री म्हणता ते खरं आहे. पाण्याचा आवाज ऐकून पहिले दिवस मला झोप आली नाही. पण एक सांगते, ह्यांना सांगू नका. लग्न झाल्यापासून हे मुक्कामी गाडीवर. आज राधानगरी, उद्या गारगोटी, कुठल्या तरी गावाच्या पारावर झोपायचे आणि मी घराला आतून कडी लावून. किती रात्री अशा गेल्या ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच सोबतीला येत होता. आता ह्यांचा मुक्काम जिथे तिथे मी पण. त्यासाठी समुद्र सोसते. आम्हाला परत बोलावू नका.

राग सोडून दोन ओळी पाठवा. लहानावर करतात तशी माया करा.

तुमची
शांतव्वा

---

॥ श्री ॥

वाळूवरचा तंबू
२५ सप्टेंबर १९९८

ती. आक्कास,
प्रभुलिंगचा सा. न. वि. वि.

पावसाळाभर तुझ्याकडे राहून तुझ्या हातचं खाल्लं, ते आता पट्ट्याच्या भोकांवर दिसतंय. आम्ही सुखरूप पोचलो. तंबूंना थोडी बुरशी होती, उन्हात टाकले.

कोजागिरीला गडहिंग्लजकडची दोन कुटुंबं येणार आहेत. चांदण्यात दूध आटवायचं, मंडळींना पाण्याजवळ बसायचं आहे. म्हणून ह्या वेळी गाडी आणि तंबू झाडीतून काढून पुढे वाळूवर आणलेत. तू घाबरशील म्हणून आधीच सांगतो, मी नीट बघून केलंय. पाऊस सरला, पाणी मागं गेलं. रोज सकाळी बघतो, लाट कुठवर येते ते. तिथे दगड मांडून चुना फासलाय, जसा आपण पुरात पायरीवर खूण करतो तसा. आपली पंचगंगा एकदा उतरली की पुढच्या मृगापर्यंत चढते काय? पाण्याचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

शांतव्वा दगडांच्या अलीकडे बसून भाकऱ्या थापते. बरोबर अलीकडे, एक बोट पुढे नाही. मी तिला चिडवतो की दगड सरकवले तर तू पण सरकशील. दसऱ्याचं सोनं इथूनच लुटतो. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा
प्रभुलिंग

---

॥ श्री ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
२ ऑक्टोबर १९९८

चि. प्रभुलिंग यास,
आक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र परवा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मिळालं. हे उत्तर घाईने लिहिते आहे, नीट वाच.

राजशेखरच्या दुकानाला लागून मालवणकडच्या एका माणसाची खानावळ आहे. तुझ्या चुन्याच्या दगडांची गंमत मी त्याला सांगायला गेले. तो हसला नाही. त्याने विचारलं की उधाण म्हणजे काय ते तुमच्या भावाला कळलंय का. मी म्हटलं, उधाण म्हणजे पावसातलं वादळ. तो कपाळाला हात लावून म्हणाला की नाही, उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती. दर महिन्याला येते, आणि ह्या दिवसांतली सगळ्यात मोठी. पौर्णिमा झाल्यावरही एक-दोन दिवस पाणी चढतंच राहतं. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान असते. तू दगड मांडलेस ते नेमके त्या दिवसांत.

गेल्या खेपेला तुम्ही झाडीत होता म्हणून निभावलं. कोजागिरी सोमवारी आहे. पाहुण्यांना झाडीत बसव, आणि शांतव्वाला घेऊन रस्त्यावर ये. गाडी राहिली तर राहू दे. राजशेखर तिथल्या गावच्या दुकानात फोन लावतोय, पण पावसापासून ती लाइन बंद आहे म्हणतात. म्हणून हे पत्र. पोचल्याचं लगेच कळव.

आक्का

---

वाळूवरचा तंबू
१९ ऑक्टोबर १९९८

ती. आक्कास,

वर श्री लिहिलेलं नाही. हात उचलला नाही.

तिला कोल्हापुरात माती दिली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कसं झालं. तूही विचारलंस आणि मी भिंतीकडे तोंड केलं. आता गाडी न्यायला म्हणून इथे आलोय. तुझं पत्र मालवणच्या पोस्टात पडून होतं, ते आज हातात आलं. सगळं त्यात लिहिलेलं आहे. वाचून झाल्यावर मी ते घडी करून परत पाकिटात घातलं.

कोजागिरीच्या रात्री पाणी दगडांपर्यंत आलं आणि दगड बुडाले. पावण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाणी मागं गेलं. मी सगळ्यांना सांगितलं की बघा, एवढंच येतं. शांतव्वाने दुधाचं पातेलं उचलून झाडीकडे नेलं.

सकाळी पावणं गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती भाकऱ्या करत असताना, पाणी समोरून आलंच नाही. ते मागून आलं, खाडीकडून. बघता बघता सखल वाटेवर पाणी वाहायला लागलं. लांबून तांडेलमामा हात हलवत होते, झाडीत वर चढा म्हणत होते हे मला नंतर कळलं. मला वाटलं, लवकर निघा म्हणतात. मी तिला मागं बसवलं आणि गाडी वाटेत घातली. मधोमध मागचं चाक रुतलं.

ती उतरली. मी नको म्हणालो की नाही, ते आठवत नाही. आपण उसाच्या रानात चाकाखाली पाचट घालतो तशी तिने तंबूची कापडं चाकाखाली घातली. पाणी तिच्या कमरेला होतं. मग पत्र्यावर दोन थापा पडल्या. स्वच्छ, दोन. मी गिअर टाकला, गाडी उसळली आणि थेट चढ चढून डांबरावर आली. मला आनंद झाला, आक्का. मी पडद्याकडे तोंड करून म्हणालो की बघ, निघाली की न्हाई.

उतरून मागं गेलो तेव्हा दार उघडं होतं आणि आतून पाणी गळत होतं. खाडीकडे बघितलं तर वाटच नव्हती. तंबूचं एक कापड तेवढं वाहत चाललेलं. मामांच्या माणसांना ती दुसऱ्या दिवशी खाडीच्या कांदळवनात सापडली.

पोलिसांनी विचारलं की ती आत नाही हे तुम्हाला कळलं कसं नाही. मी सांगितलं, डबल बेल मिळाली होती. त्यांनी ते लिहून घेतलं, पण त्यांना काही समजलं नाही. तुला समजेल.

मला एकच विचारायचं आहे, आणि दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. त्या नारळवाल्यानंतर तिने शपथ घेतली होती. वर्षभर एकदासुद्धा बाहेरून दोन मारल्या नव्हत्या. मग त्या दिवशी घाईत विसरली का? का तिला माहीत होतं? तू तिला माझ्याआधीपासून ओळखतेस. जे असेल ते लिही, मला सांभाळून घेऊ नकोस.

प्रभुलिंग

---

शाहूपुरी, कोल्हापूर
२६ ऑक्टोबर १९९८

चि. प्रभुलिंग यास,
आक्काचे आशीर्वाद.

मीही श्री लिहीत नाही.

आधी माझा राग सांगते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. मी तिला पाण्यापासून लांब ठेव म्हटलं होतं आणि तू तिच्यापुढे चुन्याचे दगड मांडलेस. तो राग माझ्या मनातून जायचा नाही. मी मरेपर्यंत तुला भाकरी वाढीन आणि राग पण ठेवीन. तुला दोन्ही घ्यावं लागेल.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. विसरायची तिची जात नव्हती. पावसाळ्यात तुम्ही इथे होता तेव्हा राजशेखर टेम्पोत पोती चढवत होता आणि हमालाने खालूनच दोन थापा मारल्या. शांतव्वा माडीवरून ओरडली की आरं, आधी आत बस, मग मार. सगळी गल्ली हसली. जी बाई दुसऱ्याच्या टेम्पोसाठी ओरडते, ती स्वतःची वेळ आल्यावर विसरेल?

तिला माहीत होतं, प्रभुलिंग. गुडघ्याच्या वर पाण्यात न जाणारी बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. परत आत चढायला गेली असती तर तेवढ्यात कापडं वाहून जाऊन चाक पुन्हा रुतलं असतं, हे तिला कळलं असणार. एक थाप मारली असती तर तू थांबला असतास, उतरला असतास, आणि मला दोघांना माती द्यावी लागली असती. म्हणून तिने एक मारली नाही. तू मागं बघणार नाहीस हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तिने तुला पाठवलं.

हे तुला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. बरं वाटणारही नाही.

तिथे राहू नकोस. तंबू मामांना देऊन टाक. राजशेखर शनिवारी पोचेल, गाडीतून दोघं या. त्याला मी बजावून सांगितलंय की मागं बसायचं नाही आणि पत्र्याला हात लावायचा नाही. तो पुढे तुझ्या शेजारी बसेल. तो बसलाय हे डोळ्यांनी बघ, आणि मगच नीघ.

वाट बघते.

आक्का