दारावरचा लिंबाचा डहाळा

पारनेर, शनिवार, १२ मे १९७३

आज नगरला आण्णांच्या छातीचा फोटो काढला. फुप्फुसात कॅन्सरची गाठ. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वडिलांच्या ऑपरेशनची वेळ गेली.

फोटो काढायला होळीआधीच सांगितलं होतं. पण साथीत माझ्या धाकट्या लेकीला देवी आल्या. आईने दारावर लिंबाचा डहाळा बांधला. देवी घरात असताना कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मी मास्तर, गावाला देवीची लस टोचून घ्या म्हणून सांगत फिरणारा! आणि तो डहाळा तोडून कुणी आणला? मीच.

डॉक्टरांनी आण्णांसमोर विचारलं, "इतका उशीर का केलात?"

"साथीमुळे एसटी बंद होती." धडधडीत खोटं.

आण्णा खोकत म्हणाले, "व्हय साहेब, बंदच हुती."

येताना त्याच एसटीत त्यांनी मला खिडकीजवळची जागा दिली.