ऐपतदार जामीनदार पाहिजे

११ जानेवारी १९९९, संध्याकाळ
जिल्हा कोर्टात आज आपला दर्जा मान्य झाला. म्हणजे हुकूम विरुद्ध गेला, पण अर्थ तोच. शेजारच्या कोंडाजीने आमच्या मागच्या बोळातून फुलांच्या पाट्या नेऊ नयेत, हा माझा दावा खालच्या कोर्टाने खर्चासह फेटाळला होता. मी अपील केलं, आणि तो खर्च तत्त्व म्हणून दिलेला नाही. आता कोंडाजीचा वकील म्हणतो, हा माणूस अपील हरला तरी खर्च देणार नाही, आधी तारण घ्या. न्यायाधीशांनी ऐकलं. महिन्याभरात ऐपतदार जामीनदार द्या, नाहीतर अपील फेटाळू. ऐपतदार जामीनदार कुणा ऐऱ्यागैऱ्याकडे मागत नाहीत. आमचे आहेर वकील चेहरा पाडून उभे. मीच त्यांना धीर दिला. नाशकात मला जामीनदार मिळणार नाही? उलट कुणाला मान द्यायचा, हा प्रश्न.

१३ जानेवारी
एकाला सांगितलं तर बाकीचे रुसणार. सौ. साधनाला हे बोलून दाखवलं. ती मेथी मोडत होती, मोडत राहिली.

१७ जानेवारी, रविवार
सिन्नरला मेव्हण्याकडे, रंगनाथकडे. फोरमन आहे, स्वतःचं घर. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा. जामिनाचं नाव काढताच त्याला आठवलं की घराचे कागद बँकेत आहेत. कुठल्या बँकेत, ते आठवेना. कामाचा ताण फार बिचाऱ्यावर. स्टँडवर सोडायला आला आणि बस सुटेपर्यंत हलला नाही. प्रेमळ आहे.

२२ जानेवारी
हिरामण. पूर्वी ऑफिसात माझ्या हाताखाली, आता मेन रोडला दोन गाळे. पायाच पडला. म्हणाला, साहेब, तुमच्यामुळेच सुखी आहे. घराच्या कर्जाला तुम्हाला जामीन राहा म्हटलं, तेव्हा सगळ्या ऑफिससमोर सुनावलंत की दुसऱ्याला जामीन राहतो तो मूर्ख. तेव्हापासून कानाला खडा, कुणाच्या कागदावर सही केली नाही. शिकवण इतकी वर्षं जपणारी माणसं आता कुठे सापडतात! आनंदात परत निघालो. पंचवटी कारंज्यापर्यंत आनंद टिकला.

२ फेब्रुवारी
आणखी काही घरं झाली. एकाला मोतीबिंदू. एक नेमका कळवणला लग्नाला. एकाची बायको दारातच म्हणाली, ते घरात नाहीत. आतून खोकला ऐकू आला, तो ओळखीचा होता. निष्कर्ष: लोकांना कोर्टाची भीती. माणूस म्हणून मला कुणीही नाही म्हटलेलं नाही. दुपारी झोप लागली नाही.

९ फेब्रुवारी
आहेर वकिलांनी विचारलं, मिसेसच्या नावावर काही आहे का. अरे! सायखेड्याची जमीन तिच्याच नावावर आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा. अर्थात हे मी शेवटासाठी राखूनच ठेवलं होतं. उद्या सही.

१० फेब्रुवारी
साधना नाही म्हणाली. रागाने नाही. म्हणाली, जाऊ द्या ना त्यांच्या पाट्या, तुमचं काय जातं? आणि आपल्या देवाला रोज फुलं त्यांच्याच घरून येतात. तीन वर्षं केस चालू असतानाही येत होती. मला वाटायचं, ती विकत आणते.  

१२ फेब्रुवारी
मुदतीचा दिवस. पुकारा झाला. जामीनदार कुठे आहे, विचारलं. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी दाराकडे. कुणी आलं नव्हतं.

तेवढ्यात कोंडाजी उठला. हात जोडून म्हणाला, साहेब, ह्या अण्णांना मीच राहतो जामीन, माझी जमीन हाय. म्हातारा माणूस, लय हिंडला, कोणी उभं राह्यलं नाय. कोर्टभर हशा. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीश हसू आवरत म्हणाले, तारण ज्याच्यासाठी घ्यायचं तोच जामीन कसा राहील? खाली बसा. अपील फेटाळलं.

हरल्याचं काही नाही. लोक हसले त्याचंही नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती साधनालाही सांगितलेली नाही. कोंडाजी माझ्यासाठी उभा राहिला तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की न्यायाधीश बोलायच्या आधीच मी, चालेल, असं म्हणून गेलो. हशात ते बाकी कुणी ऐकलं नसेल. कोंडाजीने ऐकलं, आणि मान खाली घातली.