मधली फळी

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे कागदावरच). तुझी पाठ कशी आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन तू पुन्हा पुढे ढकललंस म्हणे. ढकल बाई, हल्ली जे काही दिसतं ते धूसर दिसलेलंच बरं. मांजर खुशाल असेल. माझं विचारशील तर मी आहे. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच सविस्तर लिहिते.

कॉन्व्हेंटमधली आपली लांबनाकी सिस्टर आठवते ना? निबंधात 'डोन्ट' दिसलं की कागद फाटेपर्यंत तांबडी पेन्सिल चालवायची. 'डू नॉट' लिहा, शब्दांना उपाशी ठेवू नका, असं तिचं म्हणणं. (मुलींना ठेवलेलं चालत असे.) तिच्याच धाकात मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि आता घरात माझ्याच वाट्याला अख्खा शब्द येत नाही. नातू सकाळी फोनवर 'जीएम' एवढंच पाठवतो, तेही शेजारच्या खोलीतून. सून पूर्वी 'आई' म्हणायची, घाईघाईत त्याचं 'आ' झालंय. दर वेळी दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखं वाटतं.

तर गेल्या आठवड्यात नात माझ्याकडे आली. (नऊ वर्षांची आहे, माझं वाक्य संपेपर्यंत थांबणारी घरातली एकमेव व्यक्ती.) बाईंनी गृहपाठ दिला होता: 'कॉन्ट्रॅक्शन' या इंग्रजी शब्दाचे जितके सापडतील तितके अर्थ शोधा आणि प्रत्येकाला घरातलं उदाहरण द्या. ताई, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! निवृत्त झाल्यापासून मला 'जरा गॅस बंद करा' याखेरीज कोणी काही विचारलेलं नाही. शब्द तोकडे करणं हा पहिला अर्थ, आणि त्याला उदाहरण म्हणून तिचा दादा होताच. दुसरं उदाहरण तू विणलेला स्वेटर. मुलाने 'आईला मदत' म्हणून तो उकळत्या पाण्यात धुतला. आता तो बाहुलीलाही काखेत दाटतो. तिसऱ्यासाठी उठले तर पोटरीत असा गोळा आला की मी पडदा दाताखाली धरला. कार्टी शांतपणे म्हणाली, "आजी, हे स्नायूंचं ना? थांब, अशीच राहा, मी लिहून घेते." चौथं उदाहरण खालच्या मजल्यावरच्या बाईचं. तिला कळा सुरू झाल्या, अख्खी बिल्डिंग जिन्यात गोळा झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती होती तशीच बॅग घेऊन परत आली. कळा थांबल्या म्हणे. बाळाला इथल्या खोल्यांचं माप कळलं असणार.

पाचवं उदाहरण मुलाच्या कंपनीचं. निम्मी माणसं घरी बसवली, आणि साहेब लोकांनी त्याला हाच शब्द वापरला. मुलगा राहिला, पण पगार उतरला, म्हणून आम्ही मोठं घर सोडून या घरात आलो. इथे मी हॉलमध्ये, कपाटाच्या मागे झोपते. पाय लांब केले की टीव्हीची वायर निघते, आणि तेवढ्यापुरती सगळ्यांना माझी आठवण होते.

आता टेबलाचं सांगते. बाबांनी आपल्या दोघींसाठी एकाच सुताराकडून एकसारखी दोन जेवणाची टेबलं करून घेतली होती, मधे फळी घातली की सहा माणसं, काढली की चार. इथे आल्यावर मुलाने फळी काढली आणि दोन्ही भाग एकमेकांत सरकवले. मुलगा, सून, नातू, नात: झाली चार. सून म्हणाली, "आई, तुम्हाला लवकर भूक लागते ना? तुम्ही आधीच बसत जा." मीही कॉन्व्हेंटची, म्हटलं, हो, लागते की. उन्हं असताना जेवायची मला उभ्या आयुष्यात कधी भूक लागली नव्हती गं.

रविवारी चौघं जेवत होती. मी कपाटामागे. नात आपला गृहपाठ घडाघडा म्हणून दाखवत होती, आणि शेवटी खणखणीत आवाजात म्हणाली, "सहावं उदाहरण. आमचं टेबल लहान झालं, म्हणून आजी आधी जेवते." मग मुलाची खुर्ची सरकली. "आई, उद्या फळी लावतो गं." ताई, मी मूर्ख, माझे डोळे भरून आले. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "कुठली फळी? तूच तिचं चपलांचं स्टँड केलंस ना!"

खरंच की. दाराजवळ, चार पायांवर. मी स्वतः रोज तिच्यावर चपला काढून ठेवत होते आणि मला ओळखू आली नाही. मुलगा म्हणाला, "अगं, तेव्हा सुचलंच नाही..." मी म्हटलं, "इट इज ऑल राइट." पूर्ण. लांबनाकीला धन्य वाटलं असतं.

माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, आणि त्यातच सगळी पंचाईत आहे; कडकडून भांडायलाही घरात जागा लागते.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत स्वेटर पाठवते आहे. मांजराला होईल. नाही झाला तर मांजर जाड झालंय असं समज.

ता. क. नातीला पैकीच्या पैकी मिळाले. बाईंना सहावं उदाहरण विशेष आवडलं.

ता. क. परवा सगळे बाहेर गेले असताना मी स्क्रू काढून फळी सोडवली, ओल्या फडक्याने पुसली आणि माझ्या गादीखाली ठेवली. चपला जमिनीवर ओळीने लावल्या. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. तुझ्या टेबलाची फळी वाळवीने खाल्ली होती ना? ही बसेल. तू एकटी, तुला चार खुर्च्याच जास्त होतात, फळी कशाला हवी, हे मला कळतं. तरी आणून द्यावी म्हणते. मुलगा गाडीतून सोडेल. पण ती भलतीच जड आहे ताई; एकदा आणली की परत नेणं माझ्याने व्हायचं नाही. नको असेल तर कारणासकट, पूर्ण वाक्यांत कळव. हवी असेल तर नुसतं 'ये' लिहिलंस तरी चालेल.