टोपण लावलेलं पेन

चिखली, मंगळवार, संध्याकाळ

पेनाचं टोपण. तेच डोक्यातून जात नाही.

इतकी वर्षं माणसं माझ्याजवळ मन मोकळं करतात आणि मग हळूच म्हणतात, "हे लिहू नका बरं." मी पेनाला टोपण लावतो. ती गोष्ट तिथंच राहते. पण आता संपादकांना सगळं लाइव्ह हवं. लहानपणी संस्कृत पाठशाळेत मौनाचं माहात्म्य शिकलो. लाइव्हमध्ये ते नेटवर्क गेल्यासारखं दिसतं.

आज जवळच्या एका गावात पाणीटंचाईवर लाइव्ह होतं. मोबाईल स्टँडवर, हातात सवयीनं पेन. भाजीवाल्या यमुनाबाई बोलता बोलता म्हणाल्या, "सरपंच सोताच्याच गल्लीपुरता व्हॉल्व्ह खोलतो. हे लिहू नका बरं भाऊ, माहं पोरगं त्याच्याच ट्रॅक्टरवर हाय."

आणि मी, शहाणा, टोपण लावलं! मोबाईल चालूच.

नंतर संपादकांना फोन करून म्हणालो, तो व्हिडिओ काढा. ते हसले. "काढता काय पंडित? तालुकाभर तोच फिरतोय. उद्या तिच्याच दारातून पुन्हा लाइव्ह करा." नाही म्हटलं तर दुसरा कोणी जाईल. गेलो तर कोणत्या तोंडानं?

आत्ता यमुनाबाईंचा फोन येऊन गेला. सरपंचानं पोराला ट्रॅक्टरवरून उतरवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"भाऊ, तुमी तं माह्यासमोर टोपण लावलं होतं," त्या म्हणाल्या. "मंग गावाले सांगतलं कोनं?"